पाटीवर कोणाचं नाव मोठं?

प्रश्न : नव्या पेठेत आमचं छोटं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, बोर्डावर नावही त्यांचंच. तिरुपती, काशी, चारधाम अशा यात्रा काढतो, तिकिटं काढून देतो. आता एका मोठ्या टूर कंपनीची फ्रँचायझी मिळते आहे. अट अशी, की दर्शनी भाग पूर्ण त्यांच्या रंगात करायचा आणि आमचं नाव खाली बारीक अक्षरात. मुलगा म्हणतो घेऊन टाका. सासरे या विषयावर बोलायलाच तयार नाहीत. बोर्ड बदलून धंदा खरंच वाढतो का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : वाढतो, ताई. पण कुठलं गिऱ्हाईक वाढेल आणि कुठलं दाराशी येऊन परत फिरेल, हे आधी बघा.

मी सोलापुरात पाट्या करण्यातच आयुष्य घालवलं. आधी पत्र्यावर ब्रशने, मग फ्लेक्स, आता एसीपीवर, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पॅनेलवर, एलईडीची अक्षरं. किराणा, सराफ, कापड, सगळ्यांच्या केल्या. त्यात ट्रॅव्हल्सची पाटी सगळ्यात अवघड. कापडाच्या दुकानात बाई पदर हातात धरून, उजेडात नेऊन बघते. तुमच्याकडे हातात धरायला काहीच नसतं. चारधामची दारं उघडणार अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, पैसे त्याच्या कितीतरी आधी भरायचे, आणि मधल्या काळात जवळ फक्त पावती. मग माणूस दुकानाच्या तोंडाकडे बघून एकच गोष्ट ताडतो : काही बिनसलं तर ही माणसं मला इथे सापडतील का?

मोठ्या कंपनीचा रंग या प्रश्नाचं उत्तर काही लोकांना लगेच देतो. जुळे सोलापुरातलं नोकरदार जोडपं सिंगापूर-दुबईचा विचार करतं, तेव्हा त्यांनी तो रंग टीव्हीवर, मोबाइलवर बघितलेला असतो. तोच रस्त्यापलीकडून दिसला की पाय आत वळतात. तुमच्या सासऱ्यांचं नाव त्यांना माहीत असायचं कारण नाही. जून 2025 पासून आपल्याकडून गोव्याचं विमानही सुटू लागलं. नवं गिऱ्हाईक तयार होतं आहे, आणि मुलाला ते दिसतं. त्याचं चुकत नाही.

पण तिरुपतीला जाणारा माणूस वेगळा. पूर्व भागातली तेलुगू कुटुंबं कंपनी बघून येत नाहीत, माणूस बघून येतात. आईला नेलं ती बस ज्यांची होती, त्यांच्याकडेच सुनेची सीट सांगितली जाते. अशा घरांना एका सकाळी तुमच्या दारावर अनोळखी रंग दिसला, तर त्यांच्या मनात येईल की दुकान विकलं. आत येऊन विचारणारे थोडे, न विचारता पुढच्या गल्लीत जाणारे जास्त. पाटी बदलल्यावर हे होतं, आणि फ्रँचायझी देणारा हे कधीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट अधिक काळजीची. दुसऱ्याचं नाव डोक्यावर घेतलं की त्याचं बरंवाईटही डोक्यावर येतं. थॉमस कुकने 1841 मध्ये लेस्टरहून लफबरोला रेल्वेने सहल नेली, तिथून या धंद्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव उभं राहिलं. 23 सप्टेंबर 2019 रोजी ती ब्रिटिश कंपनी एका दिवसात बंद पडली आणि तिथल्या बाजारपेठांमधली तिची शेकडो दुकानंही. पुढच्या महिन्यात हेज ट्रॅव्हल या संडरलंडच्या कौटुंबिक कंपनीने त्यातली 555 दुकानं घ्यायचं ठरवलं आणि जुन्या कर्मचाऱ्यांपैकी अनेकांना परत कामावर घेतलं. बोर्ड गेला, काउंटरवरची माणसं उरली. भारतातली थॉमस कुक कंपनी 2012 पासून वेगळ्या मालकीची, तिला काहीच झालं नव्हतं, तरी आम्ही वेगळे आहोत हे तिला लोकांना सांगावं लागलं. आपल्याकडची कॉक्स अँड किंग्ज ही टूर कंपनीही 2019 मध्येच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा वेळी मुंबईच्या हेड ऑफिसला जाब विचारायला सोलापूरचा माणूस जात नाही. पैसे ज्या टेबलावर मोजले, त्या टेबलाशीच तो येतो. ते टेबल तुमचं.

म्हणून माझं स्पष्ट मत : या अटीवर घेऊ नका. तुमचं नाव त्यांच्या नावाइतक्याच उंचीच्या अक्षरात ठेवायला तयार असतील, तर जरूर बोला. सही करण्याआधी लेखी विचारा की गिऱ्हाइकांचे फोन नंबर कोणाच्या मालकीचे राहतील, करार संपल्यावर बोर्ड उतरवायचा खर्च कोणाचा, आणि उद्या कंपनीने नाव किंवा रंग बदलला तर नवा दर्शनी भाग कोण करून देणार. ही शेवटची शंका उगाच नाही. ब्रिटनमध्ये थॉमसन हे सहलींच्या धंद्यातलं जुनं, घराघरातलं नाव 2017 मध्ये काढून मालक कंपनीने सगळीकडे ‘टीयूआय’ केलं. मालकाने ठरवलं की दुकानाने बदलायचं. फ्रँचायझी न घेता नुसते विक्री प्रतिनिधी होता येईल का, हेही विचारून बघा. त्यात बहुधा काउंटरजवळ एखादी स्टँडी आणि काचेवर एक स्टिकर पुरतो.

मुलाची घाई मात्र वाया घालवू नका, त्याला आधी काच सोपवा. ट्रॅव्हल्सच्या काचेवरची पोस्टरं मी बघतो तेव्हा जीव तुटतो. आपल्या उन्हात आधी लाल-पिवळा उडतो, निळा तेवढा राहतो, आणि केशराच्या मळ्यापासून शिकाऱ्यापर्यंत सगळं काश्मीर निळं पडतं. ज्याला आपल्या दारातलं पोस्टर बदलायला होत नाही, तो बद्रीनाथला माझी खोली नीट बघेल का, असं माणसाला वाटणारच. सगळी काढा. रस्त्यावरून सासऱ्यांची खुर्ची दिसली पाहिजे. काचेवर एकच ओळ ठळक लिहा : गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेनंतरची तिरुपती, निघायची तारीख, शिल्लक जागा. आणि दर आठवड्याला ती बदला. तारीख ताजी दिसली की ऑफिस चालू आहे हे कळतं. रेल्वे तिकिटांचं अधिकृत एजंट म्हणून प्रमाणपत्र असेल तर ते आतल्या कपाटामागे नको, काउंटरवर डोळ्यांसमोर लावा.

प्रश्न : आमच्या ट्रॅव्हल्सचा बोर्ड नवा करतो आहोत. मराठी, तेलुगू आणि इंग्रजी तिन्ही टाकलं तर चालेल का? — एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : चालेल, आणि टाकाच. मराठी देवनागरीत हवीच. दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही ते बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. जीएसटी नोंदणी असेल तर तो क्रमांकही दारावरच्या नामफलकावर लागतो, बोर्डवाला हे आठवणीने सांगेलच असं नाही. बोर्ड रस्त्याकडे पुढे येणार असेल किंवा छतावर चढवणार असाल, तर आधी महापालिकेत परवानगीचं विचारा. तेलुगू मजकूर मात्र कटिंगला देण्याआधी तेलुगू वाचणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला कागदावर दाखवा. कॉम्प्युटरवर फाँट बदलताना जोडाक्षरं तुटतात, आणि डिझाइन करणाऱ्या मुलाला ती लिपी येत नसेल तर त्याला पत्ताही लागत नाही.