समासात पुरावा लिही

चि. ...स,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, सोबतचं, खऱ्या खून खटल्यावरच्या तुझ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरणही वाचलं. खुनाच्या रात्रीचं वर्णन अंगावर येतं. पण दार ढकलण्याआधी मारेकरी ‘क्षणभर थबकला’, हे तुला कोणी सांगितलं? तो आजवर तोंड उघडायला तयार नाही आणि पाहणारं कोणी नव्हतं. म्हणजे ते थबकणं तुझ्या पदरचं. काढून टाक. यापुढे प्रत्येक वाक्यासमोर समासात लिहीत जा, ते कुठल्या कागदातून किंवा कोणाच्या तोंडून आलं.

तू अमेरिकन लेखक ट्रुमन कपोटीचा दाखला देशील. कॅन्ससमधल्या होलकॉम्ब गावी १९५९ साली एकाच घरातल्या चौघांचा खून झाला; त्यावर त्याने कित्येक वर्षं खपून पुस्तक लिहिलं आणि सगळं खरं असल्याचं छातीठोकपणे सांगितलं. शेवटचा दफनभूमीतला प्रसंग मात्र रचलेला निघाला. आजही त्याच्या गद्याचं कौतुक झालं की पाठोपाठ तो प्रसंग निघतोच. त्याला जे पचलं नाही, ते तुला-मला काय पचणार!

कागद वाचताना निकालपत्र शेवटी ठेव. आधी वाचलंस तर बाकी सगळं न्यायाधीशाच्या नजरेने दिसू लागतं. साक्षीदाराचा पोलिसांपुढचा पहिला जबाब आणि कोर्टातली साक्ष शेजारी-शेजारी मांड. जबाबात ‘अंधारात कोणीतरी पळालं’ आणि वर्षभराने बोट दाखवून ‘हाच तो’, असं असेल तर मधे काय घडलं? ओळखपरेड कधी झाली? त्याआधी आरोपीचा फोटो छापून आला होता का? उलटतपासणीत याची उत्तरं बहुधा सापडतात, पण ती कंटाळवाणी म्हणून कोणी वाचत नाही. अमेरिकेत १९९२पासून काम करणाऱ्या इनोसन्स प्रोजेक्टने डीएनएच्या आधारे निर्दोष सोडवलेल्यांपैकी बहुतेकांच्या खटल्यांत चुकीची ओळख हे एक कारण होतं.

मृताच्या घरच्यांना ‘छापण्याआधी दाखवते’ असा शब्द देऊ नकोस. तपशील पडताळून घेईन, एवढंच सांग. नको म्हणाले तर उठून ये. पुस्तक कधी येणार, हे मात्र त्यांना तुझ्याकडूनच कळायला हवं.

आरोपीशी जुनी ओळख आहे म्हणतेस. असू दे, पण लपवू नकोस. अ‍ॅन रूल ही लेखिका सिअ‍ॅटलच्या एका हेल्पलाइनवर पुढे अनेक तरुणींचा खुनी निघालेल्या टेड बंडीच्या शेजारी बसून काम करत असे. अज्ञात खुन्यावरच्या पुस्तकाचा करार आधी झाला, संशयित तोच, हे नंतर कळलं. तिने ती मैत्रीच पुस्तकाच्या मधोमध ठेवली.

नोकरी इतक्यात सोडू नकोस. रोजच्या बातमीदारीने कोर्टातल्या ओळखी टिकतात, आणि एकट्या पुस्तकावर घर चालत नाही. प्रकाशकाचा करार आला की बदनामीचा दावा झाल्यास वकिलाचा खर्च कोणी करायचा, ते कलम आधी शोध. सापडलं नाही तर सही करू नकोस, मला फोन कर.

तुझा,
काका