सूर्यावर वादळ झाले की वैश्विक किरण वाढण्याऐवजी कमी का होतात?

ठाण्यात गच्चीवर तळहात आडवा धरला, तर वैश्विक किरणांतून, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान विद्युतभारित कणांतून, जन्मलेले साधारण शंभर म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण जड कण) दर मिनिटाला त्यातून आरपार जातात. सूर्याने प्रभामंडलातील, म्हणजे आपल्या बाह्य वातावरणातील, द्रव्य उत्सर्जित केले की त्यासोबत गुंतागुंतीचे, प्रबळ चुंबकीय क्षेत्र पृथ्वीपर्यंत येते आणि ओहोटीच्या वेळी ठाणे खाडीत शिरू पाहणाऱ्या होडीसारखे आकाशगंगेतून येणारे विद्युतभारित कण मागे रेटले जातात. अमेरिकी भूभौतिकशास्त्रज्ञ स्कॉट फोरबुश यांनी १९३७ मध्ये नोंदवलेली वैश्विक किरणांतील ही घट काही तासांत होते, भरून यायला मात्र कित्येक दिवस लागतात. आपल्याकडे ती ध्रुवीय प्रदेशापेक्षा सौम्यच भासते, कारण सहज विचलित होणारे कमी ऊर्जेचे कण येथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने एरवीही अडवलेलेच असतात.