आरोग्यातील दरी आणि हातातला मोबाइल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मानखुर्दच्या वस्तीत आरोग्यसेविका म्हणून काम करते. अमेरिकेत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या लोकांच्या आरोग्यात मोठी तफावत असून ती मोबाइलच्या साहाय्याने कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत, असे वाचनात आले. त्यात खरोखर यश येते का, आणि आमच्या वस्तीला त्यातून काही घेता येईल का? आमच्याकडे बऱ्याच घरांत एकच फोन असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो.
— एक आरोग्यसेविका, मानखुर्द

उत्तर : यश येते, पण फोनच्या दुसऱ्या टोकाला उत्तर देणारे माणूस असेल तरच.

अमेरिकेतील तफावत किती मोठी आहे हे आधी पाहू. २०२३ साली तेथे दर एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांच्या मृत्यूंचे प्रमाण ५०.३ होते, तर गोऱ्या मातांचे १४.५. याचे कारण केवळ गरिबी नाही, कारण शिकलेल्या आणि चांगल्या पगाराच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनाही हा धोका अधिक असतो आणि आपली तक्रार दवाखान्यात गांभीर्याने घेतली जात नाही, असा अनुभव त्यांच्यापैकी अनेकजणी सांगतात. त्यात इतिहासाचीही भर आहे. अमेरिकेतील टस्कीगी या गावी १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना, त्यावरचे औषध पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही, मुद्दाम उपचाराविना ठेवून केवळ निरीक्षण करण्यात आले. ज्या समाजाने हे सोसले, त्याने आरोग्यव्यवस्थेवर सहज विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही.

अशा परिस्थितीत फिलाडेल्फियातील एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या स्त्रियांचा रक्तदाब बाळंतपणानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत पुन्हा तपासणे अत्यावश्यक असते, कारण घरी गेल्यावरही झटके येण्याचा किंवा पक्षाघाताचा धोका टळलेला नसतो. तेथे काही स्त्रियांना नेहमीप्रमाणे तपासणीसाठी दवाखान्यात बोलावले गेले, तर काहींना रक्तदाब मोजण्याचे यंत्र घरी देऊन रोजचे आकडे साध्या लघुसंदेशाने कळवायला सांगितले गेले. दवाखान्यात बोलावलेल्यांपैकी कृष्णवर्णीय नसलेल्या सुमारे ७० टक्के स्त्रियांच्या रक्तदाबाची नोंद मिळाली, पण कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम ३३ टक्क्यांची. संदेश पाठवणाऱ्या स्त्रियांत मात्र दोन्ही गटांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले आणि तफावत जवळजवळ उरली नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांना स्वतःच्या प्रकृतीची काळजी नसते हा समज किती चुकीचा आहे, हे यावरून दिसते. तान्हे मूल घेऊन, कामावरची रजा मिळवून, दोन वाहने बदलून केवळ रक्तदाब मोजायला जाणे त्यांना जमत नव्हते, इतकेच. यासाठी कोणतेही महागडे अ‍ॅप लागले नाही, यंत्र दवाखान्याने दिले आणि आकडा वाढलेला दिसताच पुढे काय करायचे हे ठरवायला डॉक्टर होते.

आपल्याकडे ही दरी जात, जमात आणि वस्ती यांनुसार पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशाचा अर्भक मृत्युदर हजारी ३५.२ होता, तर अनुसूचित जमातींत तो ४१.६ होता. त्याच पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्केच आढळल्या, आणि त्यांतही सुमारे तीन दशांश स्त्रियांना संदेश वाचता येत नव्हता. नवऱ्याच्या खिशातल्या फोनविषयी आपण लिहिले आहे ते म्हणूनच या कामात सर्वांत आधी विचारात घ्यायला हवे.

मुंबईत याचा विचार झालेलाही आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली स्थापन केलेल्या ‘अरमान’ या संस्थेची ‘एममित्र’ सेवा गरोदर स्त्रियांना आणि बाळंतिणींना लेखी संदेशाऐवजी मराठी-हिंदीतून बोलका फोन करते, आणि तो कोणत्या वेळी यावा हे त्या स्त्रीला विचारले जाते. केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवाही गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत ७२ ध्वनिसंदेश पाठवते. आपण नोंदणी करून घेताना नवरा घरी असतो ती वेळ कोणती, हे त्या बाईलाच विचारून लिहावे, आणि शक्य असल्यास सासू किंवा शेजारीण यांचाही क्रमांक घ्यावा.

आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. आपल्या वस्तीतील कितीतरी जणी बाळंतपणासाठी गावी जातात आणि महापालिकेच्या नोंदवहीतून त्या महिन्या-दोन महिन्यांपुरत्या नाहीशा होतात. रक्तदाब वाढलेली बाई गावी निघाली की तिच्याजवळ तिच्या तपासण्यांचे कागद आणि आपला क्रमांक असावा, तिच्या माहेरचा क्रमांक आपल्याकडे असावा, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात आपण स्वतः तिला फोन करून डोके दुखते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, गावच्या आशाताईंनी रक्तदाब मोजला का, हे विचारावे. या फोनचा खर्च आपल्या तुटपुंज्या मानधनातून होऊ नये, तो महापालिकेनेच उचलला पाहिजे.

प्रश्न : माझ्या आईला दम्याचा त्रास आहे आणि तिचा वर्ण बराच सावळा आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सावळ्या त्वचेवर चुकीचा आकडा दाखवतो, हे खरे आहे का?
— एक वाचक, परळ

उत्तर : चुकण्याची शक्यता अधिक असते, हे खरे आहे. हे यंत्र बोटातून आरपार जाणाऱ्या प्रकाशावरून प्राणवायूचे प्रमाण ठरवते आणि त्वचेतील रंगद्रव्य त्या प्रकाशात ढवळाढवळ करते. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्ततपासणीत प्रत्यक्ष प्रमाण ८८ टक्क्यांखाली निघण्याचा प्रकार कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के मापनांत, तर गोऱ्यांच्या ३.६ टक्के मापनांत आढळला. करोनाच्या काळात आपण सर्वांनी ९४ हा आकडा प्रमाण मानला, पण सावळ्या रुग्णांच्या बाबतीत ही चूक होऊ शकते हे कुणी फारसे सांगितले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

यंत्र टाकून देऊ नये. आईची तब्येत चांगली असताना रोजचा आकडा लिहून ठेवावा आणि त्यात घसरण दिसली तर ती महत्त्वाची मानावी. बोलताना धाप लागत असेल, ओठ किंवा नखे काळीनिळी पडत असतील, तर आकडा कितीही चांगला दिसला तरी दवाखाना गाठावा. फोनचा कॅमेरा वापरून प्राणवायू मोजण्याचा दावा करणाऱ्या अ‍ॅपवर तर मुळीच विसंबू नये.

प्रश्न : एका रुग्णालयात केसपेपरसाठी मोबाइलवरून कोड स्कॅन करणाऱ्यांना लगेच टोकन मिळाले आणि साधा फोन असलेल्या माझ्या मावशीला रांगेत ताटकळत उभे राहावे लागले. आभा क्रमांक, म्हणजे आरोग्याच्या नोंदींसाठीचा सरकारी ओळख क्रमांक, नसेल तर उपचार नाकारता येतात का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : नाकारता येत नाहीत. आभा क्रमांक ऐच्छिक आहे आणि तो काढायला स्मार्टफोनही लागत नाही. चौदा आकडे कागदावर लिहून नेले तरी पुरतात. रांगेविषयी मात्र रुग्णालयाच्या अधीक्षकांना लेखी अर्ज द्यावा आणि स्मार्टफोन नसलेल्यांसाठी नोंदणी करून देणारा एक कर्मचारी सकाळच्या वेळेत खिडकीपाशी बसवावा, अशी मागणी करावी.