नागपूरच्या इतिहासात घडणारी खूनकथा लिहायची आहे, शोध घेणारा नायक छुपा गे आहे. कुठला काळ घेऊ?

१८८० चं दशक घ्या. परसोजी भोसल्यांच्या १८१७ मधल्या मृत्यूचा मोह तुम्हालाही होईल. मी त्यात दोन वर्षं घातली. पण तिथे रहस्य टिकत नाही: राजा फेब्रुवारीत गेला, बोट लगेच त्याच्या चुलतभावाकडे, आप्पासाहेबांकडे, आणि नोव्हेंबरात इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई. तोफांपुढे तुमचा नायक कोपऱ्यात पडतो.

नंतरचा काळ घेतला की कायदा तुमच्या मदतीला येतो. भारतीय दंडविधान १८६२ पासून लागू झालं. त्यातलं कलम ३७७ म्हणजे जन्मभर काळं पाणी, नाहीतर दहा वर्षांपर्यंत कैद. आता समजा, खुनाचा आळ ज्याच्यावर आलाय तो त्या रात्री नायकाच्याच खोलीत होता. साक्ष द्यावी तर मित्र फाशीतून सुटेल, पण दोघंही अंदमानात. खरा खुनी शोधण्यावाचून इलाज नाही. हौशी माणूस तपासात का पडला, हे वेगळं पटवावं लागत नाही.

त्याला वकिलाकडचा मोडी वाचणारा कारकून करा. बोटांच्या ठशांचं कार्यालय कलकत्त्यात निघालं ते १८९७ मध्ये. तोवर बोरू कुठे अडखळला, शाई कुठे जाड झाली, हेच पुरावे.

मी नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात वाढलो. मी गे आहे हे घरी सांगायला चौतिशी उलटली. तोवर आईला रामटेक सांगितलं की काकूला काटोल, याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागायचा. त्यामुळे दुसऱ्याची थाप मला अजून पहिल्याच वाक्यात कळते. नायकाला ही खोड द्या, बाकी हुशारी कमी असली तरी चालेल.

त्याचं लग्न झालेलंच दाखवा हो. आणि बायको बावळट नको. तिला बरंच काही त्याच्याआधी कळलेलं असू द्या.

प्रेत मारबतीच्या, म्हणजे नागपुरात मिरवत नेऊन जाळतात त्या पुतळ्याच्या, दिवशी सापडू द्या. काळी मारबत १८८१ पासून निघते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या गर्दीत कोण कोणाला बघतं? फक्त त्याच्या तोंडी, मनातसुद्धा, 'गे' हा आजचा शब्द नको. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' यातला तेवढा चालेल.