त्या पोराचं नाव अकरा वेळा

खानापूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा 17 वर्षांचा, एसएसएलसीला (कर्नाटकातली दहावी) 81 टक्के, आता पीयूसी फर्स्ट इयर (अकरावी) सायन्स, रोड सायकलिंग करतो आणि गेल्या चार रेस बागलकोट साइडच्या एकाच पोराच्या मागं दुसरा यायलाय. वडिलांचं म्हणणं, तो पोरगा 'काहीतरी घेतो', वरच्या लेव्हलला सगळेच घेतात, ओळखीचा जिमवाला इंजेक्शनचा कोर्स देतो म्हणतोय, तर द्यावा का, आणि सायन्स सोडवून विजापूरच्या क्रीडा हॉस्टेलला टाकू का.

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग पेन घेऊन मोजलंच. त्या दुसऱ्या पोराचं नाव अकरा वेळा आलंय, तुमच्या पोराचं दोनदा, त्यातलं एक जन्मतारखेच्या शेजारी. त्याचं टायमिंग, त्याची कार्बनची सायकल, मांड्या कशा अचानक भरल्या, सगळं तुम्हाला पाठ. आपलं पोरगं चोर्ल्याचा घाट चढताना खुशीत असतं का कंटाळलेलं, यावर एक ओळ नाही. आणि एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, जमखंडीहून परत येताना गाडीत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही, त्याला कळायला पाहिजे म्हणून. काय कळायला पाहिजे ओ? दुसरा आलेलं पोरगं मागच्या सीटवर बसून घर येईपर्यंत तुमची मान बघत होतं. मला त्या इंजेक्शनपेक्षा ह्याचीच जास्त काळजी वाटायलीय.

आता 'सगळेच घेतात, मग आपण घेतलं तर बरोबरी होते' हे डोक्यातून काढा. बरोबरी होत नसते. ईपीओ हे मुळात किडनीच्या पेशंटचं औषध, त्यानं तांबड्या पेशी वाढतात. 1997 मध्ये सायकलिंगवाल्यांनी हिमॅटोक्रिटला, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाला, 50 टक्क्यांची मर्यादा घातली, मग ज्याचं मूळचंच 48 त्याला वाढवायला दोनाची जागा आणि ज्याचं 41 त्याला नऊची, म्हणजे शर्यत पायांची राहिलीच नाही, कुणाचं रक्त कसं आणि कुणाचा डॉक्टर हुशार याची झाली. टूर दि फ्रान्स ही सायकलिंगची सगळ्यात मोठी रेस, तिथं अमेरिकेचा आर्मस्ट्राँग आणि जर्मनीचा उलरिख दोघंही घेत होते, तरी 2000, 2001, 2003 तिन्ही वेळा उलरिख दुसराच. तुमच्या पोरासारखाच! पुढं 2012 मध्ये आर्मस्ट्राँगची सातही टूर दि फ्रान्स काढून घेतली आणि दुसऱ्या कुणालाच दिली नाहीत. इटलीचा पान्तानी 1998 मध्ये जिरो (इटलीची मोठी रेस) आणि टूर दोन्ही जिंकला, 1999 च्या जिरोत लीडवर असताना रक्त मर्यादेबाहेर निघालं म्हणून घरी पाठवला, 2004 मध्ये हॉटेलच्या खोलीत कोकेनच्या अतिसेवनानं गेला, वय 34.

आणि नुसत्या संशयाचं म्हणाल तर 2020 ते 2025 सहाच्या सहा टूर पोगाचार आणि विंगेगार्ड ह्या दोघांतच गेल्या, एकही डोप टेस्टमध्ये सापडलेला नाही, तरी लोक बोलतातच, आधीच्यांनी करून ठेवलेलं हे फेडतायत. 2023 मध्ये 22 किलोमीटरच्या टाइम ट्रायलला पोगाचारनं दीड मिनिटाहून जास्त मार खाल्ला, पुढच्या वर्षी येऊन टूर जिंकला. त्या बागलकोटच्या पोराबद्दल खरंच काही ठोस असेल तर नाडाला (डोपिंग रोखणारी सरकारी संस्था) कळवा, नसेल तर गावभर बोलू नका, तेही कुणाचं तरी पोरगंच आहे.

इंजेक्शन तर अजिबात नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, चार वर्षांपर्यंत बंदी बसते, वडिलांनी दिलं म्हणून तो सुटत नाही, उलट देणारे म्हणून तुम्हीपण अडकता.

सायन्स सोडवू नका. केसीईटी (कर्नाटकाची इंजिनिअरिंग वगैरेची प्रवेश परीक्षा), फिजिओथेरपी, पटियाळ्याचा कोचिंगचा डिप्लोमा, रेल्वे-आर्मीचा स्पोर्ट्स कोटा, सगळे रस्ते उघडे आहेत, हॉस्टेलचं पीयूसी झाल्यावर बघू आणि तेही त्याला विचारून.

पुढच्या तीन रेसना तुम्ही जाऊ नका, त्याच्या आईला पाठवा. आणि मला पुढचं पत्र त्यानं लिहायचं, पाकीट त्यानंच चिकटवायचं.