शिकारीचं पान उलटून टाकू नका

शिकारी प्राण्यांवरच्या मुलांच्या पुस्तकात वाघाने सांबराचा गळा धरलाय असं चित्र आलं की बरेच आईबाबा दोन पानं एकदम उलटतात. मुलाच्या ते लगेच लक्षात येतं आणि मग तेच पान चोरून बघितलं जातं. त्यापेक्षा तिथेच थांबा. "त्याला दुखलं का?" हा प्रश्न येणारच. "हो, दुखतं. गळा दाबला की श्वास बंद होतो आणि ते मरतं," एवढं सरळ उत्तर पुरतं. "ते झोपलंय" असं सांगितलंत, तर रात्री अंथरुणात पंचाईत होईल. चार-पाच वर्षांच्या मुलांना ही पुस्तकं दिवसाउजेडी वाचून दाखवा.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी बघा. सावजालाही स्वतःची पानं आहेत का? आणि फसलेली शिकार दाखवली आहे का? वाघाचे बहुतेक हल्ले फसतात. हे ज्या पुस्तकात नाही, त्यातून मुलाला वाघ म्हणजे कधीच न हरणारा राक्षस वाटतो.

तुम्ही परदेशात राहत असाल तर तिकडे मिळणारं पुस्तक बहुधा इंग्रजीच असतं. ओळ न् ओळ मराठीत करत बसू नका, अर्ध्या पानातच दोघंही कंटाळाल. चित्राकडे बघून मराठीत गप्पा मारा आणि पाच-सहा शब्दांच्या चिठ्ठ्या पानावर चिकटवा: सावज, दबा, सुळे, नख्या, कळप. 'भक्षक' आणि 'भक्ष्य' कानाला इतके सारखे लागतात की मोठी मुलंही उलटसुलट करतात. आधी 'शिकारी' आणि 'सावज' पक्के होऊ द्या.

बहुतेक पुस्तकांत सिंह आणि झेब्राच असतात. त्याला आपल्या पुण्याची जोड द्या. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात माळावर चिंकारा दिसतो, आणि पुणे जिल्ह्यातल्या माळरानांवर लांडगेही आहेत. गोष्टीतला लांडगा एकटा आणि दुष्ट असतो, खरा लांडगा कुटुंब करून राहतो. तो धनगरांची शेळ्यामेंढरंही नेतो. मेंढपाळाचं नुकसान खरं आणि लांडग्याच्या पिल्लांची भूकही खरी, दोन्ही सांगा.

पुस्तकातले सावजाचे डोळे प्रत्यक्ष दाखवायला शेळी उत्तम. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आणि बाहुली आडवी. चरायला मान खाली घातली तरी डोळा फिरतो आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते, म्हणजे चरता चरता चहूकडे लक्ष. मग शिकारी मांजर बघा: दोन्ही डोळे समोर, उडीचं अंतर नेमकं जोखायला.

आणि खरी शिकार बघायची तर आजीच्या घरची पाल! जून-जुलैत सुट्टीला आलात की दिवेलागणीनंतर पंधरा मिनिटं भिंतीवरच्या दिव्यापासून सहा-सात फुटांवर बसा. किडे उजेडाला येतात, पाल कडेला दबा धरते, इंच इंच सरकते, थांबते, आणि शेवटची झेप इतकी झटकन की पापणी लवली तर हुकते. वहीत दोन रकाने करा, 'झेप' आणि 'मिळालं', आणि मुलालाच रेघा मारू द्या. 'ई, पाल!' म्हणून कोणी झाडू आणला तर सगळंच बिघडेल, म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

डिसेंबरात आलात तर थंडीने पाली मंदावलेल्या असतात. तेव्हा संध्याकाळी जुन्या झाडांच्या ढोल्या न्याहाळा. अंधार पडायच्या सुमाराला पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, बाहेर येऊन बसतो, दोन्ही डोळे समोर रोखून.