करंगळी कुणाला दिसते?

ताई, नमस्कार.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. माझी मुलगी सिनियर केजीतून आता पहिलीत जाईल, सप्टेंबरात सहा पूर्ण होतील. शाळा इंग्रजी माध्यमाची, नावाजलेली आहे. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, त्यांच्या शिफ्ट बदलत असतात, त्यामुळे मुलीचं सगळं माझ्याकडेच. गंगापूर रोडला माझी जाऊ राहते. तिचा मुलगा हिच्याच वयाचा, पण तो आपापला गोष्टीचं पुस्तक वाचतो, दहापर्यंत पाढे म्हणतो. हिला स्पेलिंग येतात, पण वाक्य आलं की अडखळते. म्हणून या सुट्टीत फोनिक्स (अक्षरांच्या उच्चारांवरून इंग्रजी वाचन) आणि हस्ताक्षराचा क्लास लावलाय, अबॅकसची (मण्यांवरच्या गणिताची) फीही भरली आहे. सासूबाई म्हणतात, खेळू दे पोरीला. त्यांना तिला सिन्नरकडे गावी न्यायचंय. यावरून आमचा रोज खटका उडतो. तशी मुलगी शहाणी आहे, एका जागी बसते, शाळेतून कधी तक्रार नाही. पाण्याची बाटली मात्र भरलेलीच परत आणते, म्हणून हल्ली मी अर्धीच देते, उगाच दप्तराला ओझं. घरी आली की बूटही न काढता बाथरूमकडे पळते. सासूबाईंनी करंगळी दाखवायला शिकवलंय, पण ही लाजरी. ते असो. दीड महिन्यात तिला पहिलीसाठी कसं तयार करू? कोणतं वर्कबुक घेऊ? आणि सासूबाईंना कसं समजावू?

– एक आई, नाशिक

अगं, ‘ते असो’ लिहून तू पुढे गेलीस. मी तिथेच थांबले.

बाटली भरलेली परत येते. घरी आल्यावर बूट न काढता पळते. करंगळी दाखवायला शिकवलंय पण लाजते. ही तीन वाक्यं तू दप्तराचं ओझं सांगता सांगता लिहून टाकलीस. आता एकाखाली एक मांड आणि परत वाच. तुझी लेक शाळेत शूला जात नाही. जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाही. आणि हे तिने कुणालाही सांगितलेलं नाही, तुलासुद्धा नाही. पाणीच प्यायलं नाही तर मागायची वेळ येणार नाही, ही अक्कल पावणेसहा वर्षांच्या पोरीने एकटीने लढवली आहे, आणि तू तिला अबॅकस शिकवायला निघालीस.

वर तू काय केलंस? बाटली अर्धी केलीस.

रागावू नकोस. म्हणजे रागावलीस तरी चालेल, पण आधी हिशेब कर. घरून निघायच्या आधी, समज साडेसातला, ती एकदा जाऊन येते. मग बस, शाळा, परत बस. एक वाजता दारात. साडेपाच तास झाले. या वयाच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण दोनशे ते अडीचशे मिली मावतं, दर दोन-तीन तासांनी जायला लागणं हेच बरोबर. बाकीचा वेळ ती मांडीवर मांडी दाबून काढते. ‘एका जागी बसते, शाळेतून तक्रार नाही’ असं तू कौतुकाने लिहिलंयस. कळ दाबून बसलेलं पोर उठून पळणार कसं? मधल्या सुट्टीत धावणार कसं? बाई काय म्हणतायत ते त्याच्या कानात शिरणार कसं? वाक्य वाचताना अडखळते म्हणतेस. घरी अडखळत असेल तर निराळी गोष्ट, पण शाळेतल्या अडखळण्याचा दोष फोनिक्सला द्यायच्या आधी तिच्या पोटाकडे बघ.

आणि हे केजीचं झालं. पहिलीत शाळेचा वेळ वाढेल. साडेपाच तास तिने रेटून नेले, त्याहून जास्त नेता येणार नाहीत. एखाद्या दिवशी वर्गात कपडे ओले होतील, शेजारचं पोर हसेल, आणि मग शाळेत जायचं म्हटलं की रोज सकाळी पोटात दुखेल. तेव्हा तू पुन्हा मला पत्र लिहिशील, ‘मुलगी शाळेला घाबरते’ म्हणून.

आता सासूबाई. ‘खेळू दे पोरीला’ या वाक्याला हे पत्र वाचणाऱ्या निम्म्या बायका टाळ्या वाजवतील. मी वाजवणार नाही. करंगळी त्यांनी शिकवली आहे. मुलीच्या जातीने असलं मोठ्याने बोलू नये, खूण करावी, कुणाला कळेल न कळेल अशी, हेच ना त्यामागे? घरात चार माणसांत ती खूण चालते. वर्गात चाळीस पोरं असतात. टीचर फळ्याकडे तोंड करून तारीख लिहितायत. तिसऱ्या बाकावर एक लाजरी पोर हात बाकाच्या कडेला टेकवून एवढीशी करंगळी वर करते, खांद्याच्याही खालीच. टीचर वळतात, ‘ओपन युवर बुक्स’ म्हणतात, पुन्हा फळ्याकडे. करंगळी खाली जाते. पुन्हा वर येत नाही. टीचर वाईट नाहीत गं. त्यांना दिसलीच नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर एकच देते, आणि त्याला पर्याय देत नाही. या सुट्टीत तुझ्या लेकीने अनोळखी मोठ्या माणसाला, पूर्ण वाक्यात, ऐकू जाईल अशा आवाजात, स्वतःला काय हवंय ते सांगायला शिकायचं. दुसरं काही नाही. वर्कबुक कोणतंही घेऊ नकोस.

यातलं निम्मं काम तिचं नाही, तुझं आहे. तिच्या वतीने बोलणं आजपासून बंद. डॉक्टर विचारतात ‘नाव काय बाळा?’ आणि आई उत्तर देते. शेजारच्या काकू विचारतात ‘जेवलीस का?’ आणि आई उत्तर देते. तू असं करतेस हे पत्रात नाही, पण पैज लावायला तयार आहे. अख्ख्या पत्रात लेकीचं नाव एकदाही नाही, जावेच्या मुलाचं दोनदा होतं (मी काढून टाकलं). पोर बोलायच्या आधी तू बोलून मोकळी होतेस आणि मग म्हणतेस लाजरी आहे. तिला विचारलं की तू गप्प बसायचं. दहा सेकंद जातील, समोरचा माणूस तुझ्याकडे बघेल, तुला मेल्याहून मेल्यासारखं होईल. तरी गप्प बसायचं.

नाशिकचा उन्हाळा यासाठी फार सोयीचा आहे. संध्याकाळी रसवंतीवर घेऊन जा. चरक घरघरतोय, घुंगरं वाजतायत, काकांना हळू बोललेलं ऐकूच येत नाही. तिथे तिने म्हणायचं, ‘काका, दोन हाफ, एकात बर्फ नको.’ पुटपुटली तर रस मिळणार नाही. तू मधे पडून ऑर्डर द्यायची नाहीस, भले रस न पिता घरी या. दुसऱ्या दिवशी मिळेल. सिटीलिंकच्या बसने शालिमारला जा, तिकीट तिला काढू दे. कंडक्टर घाईत असतो, गर्दी असते, बसचा आवाज असतो. वर्गात जे जे आडवं येतं ते सगळं तिथे आहे, फक्त शू लागलेली नाही. किराणा दुकानात मोठी माणसं पुढे घुसतात, तिथे तिला ‘काका, माझा नंबर आहे’ म्हणता आलं की समज निम्मी पहिली पास झाली.

हे जमायला लागलं की मग ते वाक्य. हात सरळ वर, कोपर ताठ, करंगळी नाही, अख्खा हात. ‘टीचर, मला शूला जायचंय.’ तुमची शाळा इंग्रजी माध्यमाची, तेव्हा ‘मे आय गो टू द टॉयलेट’ हेही तितकंच पाठ हवं. हिला क्यू फॉर क्वीन येतं, झेड फॉर झेब्रा येतं, आणि ज्या वाक्याची रोज गरज आहे ते कुणी शिकवलं का? घरात शाळा-शाळा खेळा. तू टीचर हो, पाठ फिरवून उभी राहा, मुद्दाम लक्ष देऊ नकोस. तिने पुन्हा हाक मारायची, पहिल्यापेक्षा मोठ्याने. आणि हेही सांगून ठेव की फारच लागली असेल तर परवानगीची वाट न बघता उठून दाराशी जायचं, कुणी ओरडलं तर आई शाळेत येऊन बोलेल. तसं झालं तर खरंच जा आणि बोल.

आता सिन्नर. सासूबाईंबरोबर जाऊ दे तिला गावी, पंधरा दिवस. आंबे, झोका, मळा हे सगळं ठीकच आहे, पण मी पाठवते आहे ती संडाससाठी. तुमच्या फ्लॅटमध्ये बहुधा कमोड आहे. बऱ्याच शाळांत भारतीय पद्धतीचं असतं. कमोडची सवय असलेल्या मुलीला दोन पायांवर नीट उकिडवं बसता येत नाही, तोल जातो, कपडे ओले होतील म्हणून भीती वाटते, आणि त्यात ओली फरशी. गावच्या घरी हे आपोआप होईल. निकर स्वतः खाली-वर करणं, कडी आतून लावून उघडणं, पाणी टाकणं, हात धुणं, सगळं आजीने बाहेर उभं राहून करून घ्यायचं, आत जाऊन नाही. सासूबाईंना एवढंच समजाव: करंगळी बंद, तोंडाने सांगायचं, आणि पोरगी मोठ्याने बोलली तर ‘हळू बोल’ म्हणायचं नाही. पोरीला गावी नेता येतंय म्हटल्यावर त्या ऐकतील.

शाळेचा संडास तू पाहिला आहेस का? प्रवेशाच्या दिवशी स्मार्ट बोर्ड दाखवला असेल, खेळाची खोली दाखवली असेल. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शाळेच्या इमारतीसाठी मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी सांगितलेलंच आहे. पण कागदावर असलेल्या संडासाला कडी आहे का, ती तुझ्या लेकीच्या हाताला पोचते का, आत दिवा आहे का, हे कायदा बघायला येत नाही. केरळात २०१९ साली शाळांमध्ये पाणी प्यायची वेगळी घंटा सुरू केली, कारण मुलं पाणी पीत नाहीत हे तिथल्या मोठ्या माणसांच्या लक्षात आलं. तुमच्या शाळेत घंटा नसेल, तर तू बोल. शाळा १५ जूनच्या आसपास उघडेल, त्याआधी ऑफिस चालू असतंच. लेकीला घेऊन जा, तिथे नेऊन दाखव, एकदा वापरायला लाव. बाहेर जी मावशी असते तिची ओळख करून दे, पण नाव तिला स्वतः विचारू दे. टीचरना एका ओळीची चिठ्ठी दे, डायरीत लिही, काहीही कर, पण सांग.

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांत २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ नावाचा मेळावा होतो. त्यात भाषेचं आणि आकड्यांचं टेबल असतं, तसंच मुलाच्या सामाजिक आणि भावनिक तयारीचंही वेगळं टेबल असतं. फी भरून नावाजलेल्या शाळेत गेलेल्या आया त्या मेळाव्याकडे बघून नाक मुरडतात. जाऊन बघ एकदा, तिथे पाढे म्हणायला लावत नाहीत.

वाचनाचं विचारलंस म्हणून सांगते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरलाय, त्यात पहिली आणि दुसरी दोन्ही आल्या. जूनमध्ये वाक्य अडखळत वाचणारं मूल मागे पडलेलं नसतं, वाचायला शिकवणं हे पहिलीचंच काम आहे. रात्री झोपताना तू मराठीतून एक गोष्ट मोठ्याने वाच, बोट ओळीवरून फिरव, झालं. जावेच्या मुलाचे पाढे जावेला लखलाभ.

आणि एक गोष्ट मात्र सुट्टीची वाट न बघता, याच आठवड्यात. बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि हे सगळं जसंच्या तसं सांग. दिवसचे दिवस शू दाबून ठेवली आणि पाणी कमी प्यायलं की मुलींना लघवीचा संसर्ग पटकन होतो, बद्धकोष्ठही होतं, आणि त्याने आणखी त्रास वाढतो. जळजळ, पोटात दुखणं, अधूनमधून ताप, चड्डी ओलसर राहणं यातलं काही असेल तर ते लघवी तपासायला सांगतील. नसेल तर उत्तमच. मे महिन्यात इथे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा घरातही ती किती पाणी पिते ते बघ. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर विचारतील, ‘काय होतंय बाळा?’ तू गप्प बस.

अबॅकसची फी भरून टाकलीयस. परत मागायला जा, आणि तिला बरोबर ने. फोनवर नाही, मेसेज नाही, काउंटरपाशी उभी राहून, तिच्यासमोर, स्वच्छ आवाजात सांग, ‘मॅडम, आम्हाला हा क्लास नकोय, पैसे परत द्या.’ ते बहुतेक देणार नाहीत. तरी पुन्हा एकदा माग, पहिल्यापेक्षा मोठ्याने.